चित्रपटविद्या : कारखान्यातून विद्यालयाकडे



काही दिवसांपूर्वी आमच्या महाविद्यालयात एक शेतकरी गृहस्थ मला भेटायला आले. बरोबर बारावी झालेला मुलगा. गृहस्थ म्हणाले, "सर, तुम्ही इतिहास शिकवता, पण तुमच्याशिवाय इथं कुणाला विचारू? पोरगं सिनेमाचं शिकायचं म्हणतंय. शहरात एके ठिकाणी प्रवेश मिळतोय. फीसाठी एकरभर रान काढावं लागंल. काढू का?" त्यांनी पिशवीतून एक गुळगुळीत कागदाची माहितीपुस्तिका काढून टेबलावर ठेवली. पहिल्या पानावर नटनट्यांची चित्रे होती, शेवटच्या पानावर फीचे हप्ते होते.

रान विकायचे की नाही, हे सांगणारा मी कोण? पण मी त्यांना म्हटले, "बसा. आपल्याकडे ही विद्या आधी कोण, कुठे आणि कशी शिकला, ते तुम्हांला सांगतो. मग तुम्हीच ठरवा." त्यांना जे सांगितले, तेच आज थोडे नीट जुळवून आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात अर्थातच दादासाहेब फाळक्यांपासून. त्यांनीही पैशासाठी विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती, ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते त्याच्या आधीचे. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेला हा माणूस १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला आणि छायाचित्रण शिकला. त्याने फोटोचा धंदा केला, पुराणवस्तू खात्यात नकाशे-चित्रे काढण्याची नोकरी केली, छापखाना चालवला, 'केळफा' असे आपलेच नाव उलटे करून जादूचे प्रयोगसुद्धा केले. म्हणजे ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून त्यांच्या मनात ठिणगी पडली तेव्हा त्यांच्या हातांत पंचवीस वर्षांची कारागिरी जमा होती. ठिणगी अनेकांच्या मनात पडते हो, पण खाली सरपण असावे लागते!

१९१२ च्या फेब्रुवारीत फाळके लंडनला गेले. तिथे 'बायोस्कोप' नावाच्या साप्ताहिकाच्या संपादकाने आधी त्यांना या धंद्यातले धोके सांगितले आणि मग सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या स्टुडिओत नेऊन सर्व कामे दाखवली. हेच फाळक्यांचे 'कॉलेज', आणि ते आटोपले काही दिवसांत. कॅमेरा आणि फितीला भोके पाडण्याचे यंत्र यांची व्यवस्था करून ते परतले. परतल्यावरही एकदम मोठा चित्रपट काढला नाही. कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले आणि अंकुर वाढत जाईल तसतशी त्याची चित्रे टिपून एक छोटी फीत तयार केली. ती पाहिल्यावरच भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. मग ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

या चित्रपटाच्या मागे घरातली शाळा होती, तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. कोऱ्या फितीला भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत, तेही घरातल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक सांभाळून. कॅमेरा चालवणारे त्र्यंबक तेलंग यांना फाळक्यांनीच हाताला धरून शिकवले. पुस्तक नाही, परीक्षा नाही. काम हाच धडा.

दुसरी शाळा कोल्हापूरची. बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव हे पडदे रंगवणारे कलावंत. त्यांना कॅमेरा विकत घेणे परवडण्यासारखे नव्हते, म्हणून तो घरीच तयार करण्याचा ध्यास त्यांनी घेतला. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी दामले यांच्यासारख्या कसबी साथीदाराला घेऊन काम पुरे केले आणि त्या देशी कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' निघाला. तो १९२० साली लोकांपुढे आला. महाराष्ट्र फिल्म कंपनी ही नावाला कंपनी, पण खरे पाहता ते गुरुकुलच होते. झाडलोटीपासून रंगकाम, सुतारकाम, फीत धुणे, अभिनय, जे पडेल ते करायचे आणि करता करता शिकायचे. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर ही मंडळी याच तालमीतली. १९२९ साली सीताराम कुलकर्णी यांना बरोबर घेऊन त्यांनी कोल्हापुरातच 'प्रभात' काढली, १९३३ साली ती पुण्याला नेली. दामले-फत्तेलाल यांचा १९३६ चा 'संत तुकाराम' मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यांतल्या कुणापाशीही चित्रपटकलेची पदवी नव्हती.

इथे कुणी म्हणेल, मग शाळा हवीच कशाला? प्रश्न रास्त आहे. पण गुरुकुलाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तिथे दार उघडायला आत ओळखीचा माणूस लागे. गुरूची मर्जी गेली की शिक्षण संपले. एका खात्यातल्या माणसाला दुसऱ्या खात्यातले कळेलच असे नाही. मुलींना अभिनयाखेरीज दुसरे दार जवळजवळ नव्हतेच. आणि सर्वांत मोठी अडचण ही, की कंपनी बुडाली की तिच्याबरोबर तिची शाळाही बुडे. शांताराम १९४२ साली प्रभात सोडून गेले, दामले १९४५ साली वारले, आणि पुढच्या काही वर्षांत एवढा मोठा स्टुडिओ थंड पडला.

जगात याचा विचार आधी सुरू झाला होता. मॉस्कोत १९१९ सालीच सरकारी चित्रपटशाळा निघाली होती. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपटव्यवसायाची चौकशी करणारी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९५१ साली आला. शिक्षणाची पद्धतशीर सोय हवी, हे त्यातून पुढे आले. नऊ वर्षांनी, १९६० साली, केंद्र सरकारने पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन केली. आणि योग असा, की ती उभी राहिली ती प्रभातच्याच जागेत! ज्या छपराखाली कोल्हापूरच्या कारागिरांनी चित्रपट काढले, त्याच छपराखाली १९६१ पासून देशभरची मुले दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन शिकू लागली. १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, त्यामुळे जुने-नवे, देशी-परदेशी चित्रपट पाहायची सोय झाली. १९७४ साली दूरचित्रवाणीचे शिक्षणही या संस्थेला जोडले गेले.

या शाळेने काय दिले? केरळातून आलेले अडूर गोपालकृष्णन, कर्नाटकातले गिरीश कासारवल्ली, आसामचे जाह्नू बरुआ इथे शिकले आणि आपापल्या मुलखात, आपापल्या भाषेत चित्रपट काढायला परत गेले. रेणू सलुजा यांच्यासारखी मुलगी इथून संकलन शिकून बाहेर पडली आणि त्या कामात देशात नाव मिळवले. रसूल पुकुट्टी केरळातल्या वीज न पोचलेल्या खेड्यातला मुलगा. तो इथे ध्वनी शिकला आणि २००९ साली त्याला ध्वनिमिश्रणासाठी ऑस्कर मिळाले. यांतल्या कुणालाही स्टुडिओच्या दारावर ओळखीच्या माणसाची वाट पाहावी लागली नाही. परीक्षा द्यावी लागली. शाळेचा खरा उपयोग हा.

आणि शाळा म्हणजे पुणेच, असेही नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, एका महाविद्यालयात संज्ञापन शिकले. तिथे असतानाच त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे 'फॅन्ड्री' आला, 'सैराट' आला. जिल्ह्याच्या ठिकाणच्या साध्या वर्गातूनही वाट निघते, फक्त त्या वर्गात काम करायला मिळाले पाहिजे.

आता पुन्हा त्या गृहस्थांकडे येतो. एवढा इतिहास ऐकून ते म्हणाले, "सर, हे समदं खरं. पण मी त्या लोकांना विचारू काय?" मी त्यांना चार प्रश्न कागदावर लिहून दिले. शिक्षकहो, आपल्या शाळेतल्या मुलांसाठी तुम्हीही हे लिहून घ्या.

पहिला प्रश्न, यंत्राला हात कोणत्या महिन्यात लागेल आणि एका यंत्रामागे मुले किती? दुसरा, शिकवणाऱ्यांनी स्वतः काय काम केले आहे, आणि ते वर्गावर रोज येतात की उद्घाटनापुरते? तिसरा, शिक्षण संपेपर्यंत मुलगा स्वतःच्या हाताने किती फिती पुऱ्या करील, आणि मागच्या मुलांनी केलेल्या आम्हांला दाखवाल का? चौथा, मागच्या मुलांपैकी दोघांशी आम्हांला बोलू द्याल का? पाचवा प्रश्न मात्र संस्थेला नव्हे, मुलाला विचारायचा : तुझा वाटाण्याचा अंकुर कुठे आहे?

मुलाने तो प्रश्न तिथेच ओळखला. त्याने खिशातून फोन काढून मला दोन मिनिटांची फीत दाखवली. त्याची आजी पहाटे जनावरांना वैरण घालते आहे, बोलत काहीच नाही. चित्र हलत होते, उजेड कमी होता. पण वैरणीचा आवाज मात्र त्याने नेमका टिपला होता. बाप म्हणाला, "हे कधी केलंस रे?" त्यांनी ती पहिल्यांदाच पाहिली होती.

पुढच्या आठवड्यात बापलेक शहरात जाऊन आले. कॅमेऱ्याची खोली त्या दिवशी कुलूपबंद होती, किल्ली कुणाकडे आहे ते कुणाला सांगता आले नाही, आणि जुन्या मुलांच्या फितींऐवजी पुन्हा तीच पुस्तिका हातात मिळाली. रान विकले गेले नाही. मुलगा आता आमच्याच महाविद्यालयात पदवीच्या वर्गात आहे. सरकारी संस्थेच्या दिग्दर्शन, ध्वनी अशा मुख्य अभ्यासक्रमांना आधी पदवी लागते, हे त्याला कळले आहे. तोवर तो ध्वनीवरची पुस्तके मागून नेतो आणि बाजाराच्या दिवशी आवाज टिपत हिंडतो. त्याला प्रवेश मिळेलच, असे मी म्हणत नाही. जागा थोड्या असतात, मुले पुष्कळ असतात.

पण इतिहास एवढे निश्चित सांगतो. फाळक्यांनी पॉलिसी गहाण टाकली ती पंचवीस वर्षे हात चालवल्यानंतर. आधी कारागिरी, मग गहाणखत. हा क्रम उलटा करायला जो सांगेल, त्याची पुस्तिका कितीही गुळगुळीत असली तरी तिच्यावर सही करण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी.