डीझेल मोटारगाडीची शक्तिवृद्धी व विमा

डीझेल एंजिनाचा कोणताही भाग न बदलता, केवळ त्याच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकातील इंधन, अंतःक्षेपणाचा काल आणि दाब यांची कोष्टके बदलून शक्ती वाढविण्याच्या प्रक्रियेस ‘रीमॅपिंग’ असे म्हणतात. भारतात ती एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रचारात आली. या प्रक्रियेने गाडीची ओळख पटविणारी एकही खूण बदलत नाही. एंजिन क्रमांक, चासी क्रमांक व सिलिंडरांची घनक्षमता तीच राहते. बदलते ती शक्ती. भारतातील मोटार विम्याची घडण मात्र घनक्षमतेभोवती झालेली असल्यामुळे हा बदल हप्ता ठरविताना दिसत नाही आणि भरपाईच्या वेळी अचानक महत्त्व पावतो.

पंपाचा स्क्रू ते संगणकाचे कोष्टक : रूडोल्फ डीझेल यांनी १८९२ मध्ये एकस्वासाठी अर्ज केला व १८९७ मध्ये आउग्सबुर्ख येथे त्यांचे एंजिन यशस्वीपणे चालले. पेट्रोल एंजिनात आत येणारी हवा रोखून शक्ती कमीजास्त करतात. डीझेल एंजिनात हवेचा मार्ग मोकळा असतो व शक्ती ठरते ती फवारलेल्या इंधनाच्या मापावर. म्हणून इंधनाचे माप वाढविले की शक्ती वाढते, हे सूत्र या एंजिनाच्या रचनेतच आहे. बॉश कंपनीने १९२७ मध्ये अंतःक्षेपण पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केल्यावर ते माप यांत्रिक गतिनियंत्रकाच्या हाती आले. पूर्ण भाराच्या वेळी पंपाने किती इंधन द्यावे हे एका स्क्रूने ठरत असे आणि कारखान्यातून निघताना त्या स्क्रूवर शिशाचे सील लावलेले असे.

भारतात १९५१ मध्ये बंगलोर येथे स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे, म्हणजेच ‘मायको’चे, पंप देशभर पसरले. १९५४ मध्ये टाटा व डाइमलर-बेंझ यांच्या सहकार्याने मालमोटारींचे उत्पादन सुरू झाले आणि महामार्गांवरील प्रत्येक मोठ्या गावी पंपदुरुस्तीची दुकाने उभी राहिली. उत्तर-दक्षिण व पूर्व-पश्चिम महामार्ग जेथे मिळतात ते नागपूर अशा व्यवसायाचे स्वाभाविक ठाणे होते. चढावर मालमोटार दमते अशी तक्रार आली की सील तोडून स्क्रू अर्धा फेरा फिरवावयाचा, हा उपाय मेस्त्रींच्या अंगवळणी पडलेला होता. त्याची किंमत काळ्या धुरात व जळलेल्या दट्ट्यांत मोजावी लागे. पण तुटलेले सील डोळ्यांना दिसे, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

डीझेल एंजिन खाजगी मोटारगाडीत रुळावयास भारतात बराच काळ लागला. मर्सिडीझ-बेंझ कंपनीची २६० डी ही गाडी १९३६ मध्येच जर्मनीत विक्रीस आली होती. भारतात मात्र १९९८ मधील टाटा इंडिकामुळे डीझेल गाडी मध्यमवर्गाच्या आटोक्यात आली. याच सुमारास यूरोपात ‘कॉमन रेल’ पद्धती अवतरली. १९९७ मधील आल्फा रोमेओ १५६ ही तिचा वापर करणारी पहिली प्रवासी गाडी होय. या पद्धतीत सर्व सिलिंडरांसाठी एकाच नळीत सु. १,३५० बार वा त्याहून अधिक दाबाखाली इंधन साठवितात आणि ते केव्हा व किती फवारावयाचे हे नियंत्रक-संगणक ठरवितो. स्क्रूची जागा कोष्टकाने घेतली, ती येथे.

जानेवारी २००७ मध्ये डीझेल स्विफ्ट गाडी भारतात आली. तिचे १,२४८ घ. सेंमी. चे फियाट कुलातील एंजिन ७५ अश्वशक्तीचे होते. त्याच घनक्षमतेचे, सु. ९० अश्वशक्तीचे रूपही अन्य गाड्यांत मिळू लागले. दोहोंतील फरक केवळ कोष्टकाचा नव्हता. अधिक शक्तीच्या रूपात बदलत्या पात्यांचा टर्बोचार्जर होता. तरीही एकाच एंजिनात दडलेली शक्ती आहे ही समजूत ग्राहकांत दृढ झाली आणि तिच्यावर रीमॅपिंगचा धंदा वाढला. विक्रेते सामान्यतः २० ते ३० टक्के वाढीचा दावा करतात. हे काम दोन रीतींनी होते : निदान-जोडणीतून नियंत्रकातील कोष्टके नव्याने लिहून, किंवा इंधननळीतील दाबमापक आणि नियंत्रक यांच्यामध्ये एक छोटी पेटी बसवून. ही पेटी प्रत्यक्षापेक्षा कमी दाब कळविते, त्यामुळे नियंत्रक दाब वाढवितो. ती काढून घेतली की मागे सहसा काही उरत नाही.

उत्पादक शक्तीची जी मर्यादा घालतात ती निव्वळ व्यापारी युक्ती नसते. हलके इंधन, माखलेला हवागाळक, उंच घाट, कडक उन्हाळा यांसाठी ती राखीव जागा असते. मे महिन्यात ४५° से. च्या वर जाणाऱ्या नागपूरच्या हवेत आत येणारी हवा विरळ व उष्ण असते. अशा वेळी इंधन वाढविल्यास ते पूर्ण जळत नाही व निष्कास वायूंचे तापमान चढते. त्याचा भार टर्बोचार्जर, दट्ट्ये व क्लच यांवर पडतो. ब्रेक मात्र पूर्वीचेच राहतात.

कायद्याची दृष्टी : मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी असलेल्या नागपुरात १९३९ चा मोटार वाहन अधिनियम लागू झाला तेव्हा वाहनातील बदल म्हणजे सांगाडा, आसने वा एंजिन यांत केलेला दृश्य बदल असेच गृहीत होते. १९८८ च्या अधिनियमातील कलम ५२ नेही प्रारंभी नोंदणी-अधिकाऱ्यास सूचना देऊन व त्याची संमती घेऊन बदल करण्याची मुभा ठेवली होती. २००० सालच्या दुरुस्तीने ती वाट अरुंद झाली. उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी नोंदणीतील तपशील विसंगत होईल असा बदल करण्यास मनाई झाली. भिन्न इंधनासाठी एंजिनात करावयाच्या फेरफारास मात्र सवलत राहिली. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई कठोरपणे उचलून धरली. त्याच वर्षी, नागपूरचे लोकसभा सदस्य नितीन गडकरी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री असताना, संमत झालेल्या दुरुस्ती अधिनियमाने अननुज्ञात बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा घातली.

रीमॅपिंग या मनाईत येते काय? कलमाच्या स्पष्टीकरणात बदलाचा अर्थ वाहनाच्या संरचनेतील असा फेरफार की ज्याने त्याचे मूळ वैशिष्ट्य पालटते, असा दिला आहे. संगणकातील आकडे म्हणजे संरचना नव्हे, असा युक्तिवाद होऊ शकतो. पण नोंदणी प्रमाणपत्राच्या नमुन्यात घनक्षमतेबरोबर अश्वशक्तीचाही रकाना आहे आणि रीमॅपिंगनंतर तो खोटा ठरतो. म्हणून दुसरी बाजू अधिक बळकट दिसते. जर्मनीत अशी गाडी तपासणी-संस्थेकडे नेऊन वाढीव शक्तीची अधिकृत नोंद करता येते. न केल्यास वाहनाचा परवाना लोपतो. भारतात असा मार्गच नसल्याने प्रामाणिक मालकालाही नोंद करावयास जागा उरत नाही.

तपासणीची साधनेही तोकडी आहेत. नागपुरातील शहर (एमएच ३१), पूर्व (एमएच ४९) व ग्रामीण (एमएच ४०) या तीन परिवहन कार्यालयांत नोंदलेली खाजगी गाडी पंधरा वर्षांपर्यंत पुनर्नोंदणीसाठी येत नाही. मधल्या काळात होते ती प्रदूषण-चाचणी. तीत डीझेल गाडीच्या धुराची अपारदर्शकता मोजतात, शक्ती मोजत नाहीत. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन कंपनीच्या गाड्यांतील आज्ञावली चाचणी व रस्ता यांत भेद करते हे अमेरिकेत उघड झाले. त्यानंतर पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने भारतातील गाड्या तपासल्या व कंपनीने येथील सु. ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या. ती दुरुस्ती मुख्यतः आज्ञावलीची होती. एंजिनाचे वर्तन लोखंडात नव्हे तर आज्ञावलीत लिहिलेले असते, ही गोष्ट शासनयंत्रणेच्या नजरेस अशा रीतीने आली.

विम्याची बाजू : तृतीय पक्षाचा विमा भारतात १ जुलै १९४६ पासून सक्तीचा झाला. २००२ च्या अखिल भारतीय दरपत्रकात खाजगी गाडीच्या स्व-नुकसानीचा हप्ता गाडीचे मूल्य, वय, घनक्षमता व प्रदेश यांवर ठरे. पुणे व मुंबई धरून आठ शहरे ‘अ’ प्रदेशात होती. नागपूर ‘ब’ प्रदेशात असल्याने येथील दर किंचित कमी असे. घनक्षमतेचे टप्पे १,००० व १,५०० घ. सेंमी. असे होते. १ जानेवारी २००७ पासून स्व-नुकसानीचे दर मुक्त झाले, तरी विमापत्राची भाषा बहुतांशी तीच राहिली. ७५ अश्वशक्तीची गाडी ९५ अश्वशक्तीची झाली तरी तिचा टप्पा बदलत नाही. यावरून पुष्कळ मालक असा निष्कर्ष काढतात की विमा कंपनीला कळविण्याजोगे काही घडलेच नाही. तो चुकीचा आहे. विम्याचा करार परम सद्भावावर उभा असतो व जोखमीवर परिणाम करणारी महत्त्वाची वस्तुस्थिती विमेदाराने सांगावयाची असते.

भरपाईचे प्रश्न तीन प्रकारचे उद्भवतात. रीमॅपिंगने एंजिनच निकामी झाले तर उत्तर सोपे आहे : यांत्रिक वा विद्युत् बिघाड व झीज ही विमापत्रात प्रारंभापासून वगळलेली आहेत, आणि उत्पादकाची हमीही बहुधा गेलेली असते. अपघातात गाडीची हानी झाली तर वाद वाढतो. बदल आणि अपघात यांचा कार्यकारणसंबंध काय, हे येथे निर्णायक ठरावे. कारण उभ्या गाडीवर झाड पडले तर वाढीव शक्तीचा त्याच्याशी संबंध नसतो. ज्या अटीच्या भंगाचा हानीशी संबंध नाही, त्यासाठी संपूर्ण दावा न फेटाळता तो अंशतः, अनेकदा ७५ टक्क्यांपर्यंत, मान्य करावा असा कल सर्वोच्च न्यायालयाने २००८ व २०१० मधील निर्णयांत दाखविला आहे. मात्र समृद्धी महामार्गावर १२० किमी. ची मर्यादा ओलांडून गाडी उलटली, तर हा आधार फारच दुबळा होतो.

तिसरा प्रकार सर्वांत गंभीर, कारण त्यात गाडीच्या मालकाने नव्हे, तर रस्त्यावरील अनोळखी माणसाने सोसलेले असते. विमा कंपनी कोणत्या कारणांनी तृतीय पक्षाची जबाबदारी नाकारू शकते ते अधिनियमातच मोजून दिले आहे. संघटित शर्यत व वेगचाचणी ही कारणे त्यांत आहेत. वाहनातील बदल हे स्वतंत्र कारण त्यांत नाही. महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून विमापत्र मिळविले, या बचावाचा आधार कंपनी घेऊ शकते. पण ते लपविणे तिलाच सिद्ध करावे लागते. अशा प्रकरणांत न्यायाधिकरणे पुष्कळदा कंपनीस प्रथम पीडितास भरपाई देण्यास व मग ती रक्कम मालकाकडून वसूल करण्यास सांगतात. म्हणजे मृताच्या कुटुंबास पैसा मिळू शकतो, पण वाढविलेल्या अश्वशक्तीचे देणे मालकाच्या घरादारापर्यंत पोहोचते.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाल्यावर लहान डीझेल गाड्यांचे उत्पादन अनेक कंपन्यांनी थांबविले. तृतीय पक्षाचे हप्ते पेट्रोल व डीझेल गाड्यांसाठी आजही घनक्षमतेच्या त्याच टप्प्यांनी आकारले जातात. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना सिलिंडरच नसल्याने त्यांच्यासाठी ३० व ६५ किलोवॉट असे शक्तीचे टप्पे करावे लागले.