बाळगोळी ते चोखणी

मागच्या व्याख्यानानंतर इथंच गारगोटीत एका तरुण आईनं आम्हाला दारात अडवलं. म्हणाल्या, "सर, पोरगं अडीच वर्षांचं झालं, तोंडातली चोखणी सोडत नाही. तुमचं तत्त्वज्ञान काय सांगतं?" आजूबाजूचे हसले, आम्हीही हसलो. उत्तर मात्र सुचलं नाही. आज ते इतिहासात शोधायचं आहे.

रबरी चोखणी फार जुनी नाही, शंभर-सव्वाशे वर्षांची. त्याआधी युरोपात कापडाची पुरचुंडी असे, आत काहीतरी गोड. ड्यूररच्या १५०६ सालच्या एका चित्रात बाळ येशूच्या हातात ती दिसते. आपल्याकडे मधाचं बोट, नाहीतर खुळखुळ्याशेजारी मिळणारी लाकडी चोखणी. (वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

पण आपल्या महाराष्ट्रात बाळाला गप्प ठेवणारी खरी वस्तू वेगळीच होती: बाळगोळी. नाव किती गोंडस! आत अफू. मुंबईच्या गिरणगावात, जिथं आपल्या घाटावरची आणि कोकणातली माणसं पोटासाठी गेली, तिथं ती सर्रास दिली जाई. सरकारनं नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी केली. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात आकडा आहे: या बायकांच्या शंभरातल्या ९८ बाळांना अफू दिली जाते. पोर झोपायचं, भूक मरायची, अंग वाळायचं.

त्या आया अडाणी होत्या, असं म्हणून आपण मोकळे होतो. आम्हाला ते पटत नाही. कायद्यानंच बाईला दिवसाला अकरा तासांपर्यंत राबवता येत होतं. एवढा वेळ पोराला घ्यायचं कुणी? गोळी पोराच्या तोंडात जायची, पण ती लागत होती गिरणीच्या भोंग्याला. म्हणून नुसत्या उपदेशानं ती सुटणं कठीण होतं. १९३१ च्या कामगारविषयक रॉयल कमिशननं या अफूची दखल घेतली आणि पाळणाघरं सुचवली. १९३४ च्या कारखाना कायद्यात पन्नासहून जास्त बायका असतील तिथं मुलांसाठी खोली मागण्याची सोय झाली, १९४८ च्या कायद्यानं पाळणाघर बंधनकारकच केलं. कागदावर तरी.

आता चोखणी म्हणजे काही अफू नव्हे, गैरसमज नको. दातांचे डॉक्टर सांगतात, तिसऱ्या वर्षापर्यंत सुटली तर पुढच्या दातांतली फट बहुधा आपोआप भरते. पण प्रश्न तोच राहतो: ही वस्तू कुणाच्या जागी आली?

आमच्या नातीच्या वेळी आम्ही शहाणपणा केला होता. अंगावरचं दूध तोडताना पूर्वी बायका कोरफडीचा गर लावायच्या, ते आठवून आम्ही चोखणीला कोरफड फासली. नातीनं तोंड वाकडं केलं, चोखणी आमच्याच हातात दिली आणि "आजोबा, धुऊन आणा" म्हणाली! दोन रात्री आमच्याजवळ झोपायला आली नाही. मग सूनबाईंनी सूत्रं हातात घेतली. दिवसा चोखणी डब्यात, फक्त झोपताना बाहेर. पुढं झोपतानाही आधी थोपटणं, आधी गोष्ट. मागितली तरच द्यायची. तीन आठवड्यांनी मागायचीच विसरली. त्या तीन आठवड्यांत सूनबाईंना रोज तासभर मोकळा मिळावा म्हणून घरातली भांडी आम्ही घासत होतो, हेही नोंदवून ठेवतो.

तर काल त्या बाई पुन्हा भेटल्या. आम्ही विचारलं, "चोखणी केव्हा लागते त्याला?" थोडा विचार करून म्हणाल्या, "मी शिलाई मशीनवर बसले की." शेजारी एक आजी आहेत, पोराला लळाही आहे, पण रोज दुपारी बघा म्हणून सांगायचं कसं, हा त्यांना संकोच. त्या आजी आज दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. व्याख्यान संपलं की आम्हीच शब्द टाकतो.