नामांतराच्या कॅसेटी कोण वाचवणार?



मे २०२४ मध्ये फ्रान्सच्या कान महोत्सवात श्याम बेनेगलांचा 'मंथन' पुन्हा दाखवला गेला. १९७६ चा सिनेमा, पण चित्र फोर-के. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने मूळ ३५ मिमी निगेटिव्हवरून तो नव्याने तयार केला. त्यात नसीरुद्दीन शहांनी उभा केलेला भोला हा दलित तरुण आहे. अठ्ठेचाळीस वर्षांनंतरही त्याचा चेहरा स्वच्छ दिसतो.

आता १४ जानेवारी १९९४ आठवा. सोळा वर्षांच्या लढ्यानंतर मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. त्या काळात वस्त्यांमध्ये जे चित्रण झालं, ते बहुतेक लग्नाच्या शूटिंगवाल्याच्या व्हीएचएस कॅमेऱ्यावर. त्यातले चेहरे आज ओळखू येतात का? पडद्यावरचा दलित फोर-केमध्ये आणि प्रत्यक्ष लढलेला दलित मुंग्या-मुंग्यांच्या चित्रात, हा फरक कुठून आला?

याचं पहिलं उत्तर तंत्रात आहे. फिल्मच्या निगेटिव्हमध्ये तपशील भरपूर असतो. स्कॅनर सुधारले की जुन्या निगेटिव्हमधून आणखी चांगलं चित्र काढता येतं. व्हिडिओ टेपचं तसं नाही. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये आणलेल्या व्हीएचएसची आडवी स्पष्टता सुमारे २४० रेषांची. रंगाची तर त्याहून कितीतरी कमी, म्हणून निळ्या झेंड्याची कड पसरलेली दिसते. जे टेपवर उतरलंच नाही, ते पुढे कुठलं मशीन आणणार? त्यात कॅसेटवरून कॅसेट काढली की प्रत्येक प्रतीत चित्र आणखी खराब. आपल्याकडे तर मूळ कॅसेट पुढाऱ्याच्या घरी आणि वस्तीत तिसरी-चौथी प्रत, असाच प्रकार.

दुसरं उत्तर पैशाचं आणि संस्थांचं आहे. फिल्मवर शूटिंग करणं, निगेटिव्ह थंड आणि कोरड्या जागी सांभाळणं हे ज्यांच्या हाती लॅब, संग्रहालय आणि अनुदान होतं त्यांनाच जमलं. आपल्या हाती कॅमेरा आला तो स्वस्त झाल्यावर. म्हणून मी व्हीएचएसला नावं ठेवत नाही. सोनीच्या बीटामॅक्सचं चित्र थोडं सरस मानलं जायचं, पण सुरुवातीला त्याच्या कॅसेटवर एकच तास मावायचा आणि व्हीएचएसवर दोन. लोकांनी वेळ निवडला. अख्खी सभा किंवा मिरवणूक टिपायची असेल, तर तोच निर्णय बरोबर होता.

मग व्हीसीडी आली. १९९३ मध्ये ठरलेल्या या फॉरमॅटमध्ये एका चकतीवर सुमारे ७४ मिनिटं आणि चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, म्हणजे जेमतेम एक लाख. डीव्हीडीत चार लाख, ब्लू-रेमध्ये वीस लाख, फोर-केमध्ये ब्याऐंशी लाखांहून जास्त. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून भीमगीतांच्या व्हीसीडी घरोघरी गेल्या, कारण चकती आणि प्लेअर दोन्ही परवडत होते. पण इतक्या कमी डेटात गर्दी मावत नाही. स्थिर चेहरा निभावून जातो, हलणाऱ्या जनसमुदायाचे चौकोनी तुकडे पडतात. आणि आपल्या चळवळीच्या चित्रणात गर्दीच तर असते!

ब्लू-रे आपल्या वस्त्यांपर्यंत फारशी पोचलीच नाही. आपण व्हीसीडी-डीव्हीडीवरून थेट मोबाईलवर आलो. आज कॅमेरा फोर-के आहे, पण तो व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवरून दहा ग्रुपमध्ये फिरला की पुन्हा व्हीसीडीच्या पातळीला येतो. बीबीसीच्या कॅमेऱ्यासमोर बाबासाहेब लोकशाहीविषयी बोलतात, ती क्लिप आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पण प्रतीची प्रत, तिच्यावर कुणाचा तरी लोगो आणि खाली पार्श्वसंगीत. हे प्रेमाने होतं, मान्य. पण दस्तऐवजाची वाट लागते.

यापुढचा धोका वेगळा आहे. जुनं चित्र एआयने 'फोर-के' करून देणारी अ‍ॅप आली आहेत. ती हरवलेला तपशील परत आणत नाहीत, अंदाजाने नवा भरतात. मोर्चातल्या धूसर चेहऱ्याच्या जागी अस्तित्वातच नसलेल्या माणसाचा चेहरा येऊ शकतो. उद्या कुणी आपल्या इतिहासाचा पुरावा मागितला आणि आपण हे पुढे केलं, तर विरोधकाला आयतं कोलीत मिळेल. अशी प्रत काढायचीच असेल तर तिच्यावर तसं लिहा आणि मूळ फाईल वेगळी ठेवा.

वेळ कमी आहे. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपन्यांपैकी जपानच्या फुनाईने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. चालू मशीन आणि ते दुरुस्त करणारा कारागीर, दोन्ही दुर्मीळ होत आहेत. जयंती मंडळांनी यंदाच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी करावा आणि कॅसेटी डिजिटल करून घ्याव्यात. फाईलच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवा, पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कॅसेटीवर तारीख, गाव आणि दिसणाऱ्या माणसांची नावं लिहून घ्या, त्यांना ओळखणारी माणसं आहेत तोवर. आणि टेपवर पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट तशीच व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी मशीनच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटीत जाते.