गिअरची मूठ आणि करोल बाग

ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरची मूठ तुटणं हा तसा किरकोळ बिघाड. मुठीच्या बाजूला, अंगठ्याखाली एक बटण असतं. ते दाबलं की दांड्याच्या पोकळीतली बारीक सळई सरकते, खाचेत अडकलेली खीळ सुटते आणि लिव्हर 'पी'मधून, म्हणजे पार्किंगच्या जागेतून, बाहेर येतो. या बटणाच्या मागे प्लॅस्टिकची एक छोटी तिरकी कड असते आणि तिला मागे रेटणारी स्प्रिंग. बंद गाडीतल्या उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होतं, रोजच्या दाबाने कड झिजते, एके दिवशी मोडते आणि बटण आत रुतून बसतं. इंजिन ठणठणीत, गिअरबॉक्स ठणठणीत, पण गाडी जागची हलत नाही. अधिकृत सेवा केंद्रात अशा वेळी बहुधा अख्खी मूठ बदलायला सांगतात, काही गाड्यांत तर लिव्हरची सगळी जुळणीच. कारण कंपनीच्या सुट्या भागांच्या यादीत त्या बटणाला स्वतंत्र क्रमांक क्वचितच असतो. दिल्लीत या अडचणीवर दुसरा रस्ता आहे आणि तो करोल बागेतल्या नाईवाल्याच्या गल्ल्यांतून जातो. दुचाकींचे सुटे भाग, मोटारींच्या ॲक्सेसरीज, जुन्या बुलेट आणि त्या जुळवणारे मिस्त्री यांनी या गल्ल्या भरलेल्या आहेत. असा बाजार दिल्लीत याच ठिकाणी का उभा राहिला आणि टंचाईचा काळ सरला तरी का टिकला, याचं नेहमी दिलं जाणारं उत्तर मला अपुरं वाटतं.

ते उत्तर असं: आपला देश गरीब, वस्तू मिळत नव्हत्या, म्हणून माणसं जुगाड करत राहिली आणि त्या सवयीचा बाजार झाला. यात तथ्य आहे, पण टंचाई सगळीकडेच होती. तिने प्रत्येक मोहल्ल्यात नाईवाला उभा केला नाही. करोल बागेचं वेगळेपण तिथे कोण आणि कशा अवस्थेत आलं यात आहे. ही वस्ती विस्थापितांचीच, आणि तीही दोनदा. नवी दिल्ली उभी राहताना कनॉट प्लेससाठी माधोगंज, जयसिंगपुरा, राजा का बाजार ही गावं हलवली गेली आणि तिथल्या लोकांना पश्चिमेकडच्या या खडकाळ, झुडपांच्या माळावर जागा मिळाली. हकीम अजमल खानांचं तिब्बिया कॉलेज तोवर इथे आलेलं होतं. १९२१ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. अलीगढहून निघालेलं जामिया मिलिया १९२५ मध्ये इथेच आलं आणि ओखल्याला जाण्याआधी वर्षानुवर्षं इथेच राहिलं. मग १९४७ आलं. दिल्लीतून तीन लाखांहून अधिक मुसलमान बाहेर पडले, पश्चिम पंजाब आणि सरहद्द प्रांतातून जवळपास पाच लाख निर्वासित आत आले, आणि १९४१ मध्ये सुमारे ९ लाख असलेली दिल्ली १९५१ मध्ये जवळपास साडेसतरा लाखांची झाली. करोल बागेतली घरं रिकामी झाली आणि भरली, दोन्ही हिंसेच्या छायेत. जामियाचं इथलं ग्रंथभांडार त्याच दंग्यांत लुटलं आणि जाळलं गेलं. आजच्या बाजाराची गोष्ट सांगताना ही पाटी कोरी होती असं भासवणं अन्याय्य ठरेल.

आलेल्यांकडे जमीन नव्हती, कर्ज द्यायला ओळखीचा सावकार नव्हता. अशा माणसाला जो धंदा जमतो त्याची लक्षणं ठरलेली असतात: भांडवल थोडं, जागा हातभर, माल छोट्या नगांत विकत घेता येणारा आणि हातातलं कसब हीच ठेव. महाराष्ट्राला हे नवं नाही. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळण्याचं, म्हणजे गलाईचं, काम शिकून दिल्लीसह देशभरच्या सराफ बाजारांत पसरली. त्यांचाही धंदा एक भट्टी, एक खोली आणि विश्वास यांवर उभा राहिला. फरक एवढाच की गलाईवाला मोडीतून शुद्ध धातू वेगळा करतो, तर नाईवाल्यातला माणूस यंत्रातून भाग वेगळा करतो. माझा मुद्दा नेमका इथे आहे. कारखाना भाग जोडून वस्तू विकतो; हा बाजार तीच वस्तू पुन्हा सुटी करून विकतो. निर्वासिताला अख्खी वस्तू विकायला ठेवणं परवडत नव्हतं, म्हणून तो त्या वस्तूचा तुकडा विकायला शिकला, आणि तुकडा विकायचा तर ती वस्तू आतून कशी आहे हे कळावंच लागतं. टंचाईने या ज्ञानाला गिऱ्हाईक दिलं. ज्ञान मात्र या विक्रीच्या पद्धतीतूनच आलं.

परवान्यांच्या काळात गिऱ्हाईक भरपूर होतं. अँबेसिडर आणि फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, एवढ्यावरच देशाचा बहुतेक मोटारव्यवहार चालला. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे, आणि घेतलेली गाडी वीस वर्षं चालवायची हे गृहीतच होतं. त्या गाड्यांचा गिअर बराच काळ स्टिअरिंगच्या दांड्यावर असे आणि त्याची मूठ म्हणजे आटे पाडलेला एक लहानसा गोळा. हाताने फिरवला की निघे, दुसरा फिरवला की बसे. ती मूठ मोडली तर गाडी अडत नसे. नुसता दांडा धरूनही गिअर पडे. मुठीत कसलंही यंत्र नव्हतं, म्हणून ती हौसेची वस्तू झाली. १९८३ च्या डिसेंबरात शेजारच्या गुरगावातून मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा या हौसेला मोठं मैदान मिळालं. साध्या मॉडेलमध्ये वातानुकूलन नव्हतं, सजावट जेमतेम होती. ती उणीव बाहेरच्या दुकानांनी भरून काढली. सीटकव्हर, टेप, दिवे, आणि त्यांच्यासोबत रंगीत मुठीही.

ऑटोमॅटिक गाडीने मुठीचा हा साधेपणा संपवला. जनरल मोटर्सने १९३९ च्या अखेरीस ओल्ड्समोबाइल गाड्यांत हायड्रामॅटिक हा पहिला मोठ्या प्रमाणावर बनलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला. त्यात 'पी' ही जागाच नव्हती. इंजिन बंद करून लिव्हर 'आर'मध्ये, म्हणजे रिव्हर्समध्ये, ठेवला की चाकं अडत, आणि हा 'आर' पुढे नेणाऱ्या 'एल'च्या शेजारीच होता. चुका होणारच होत्या. उलट आणि पुढच्या गिअरच्या मध्ये न्यूट्रल असलंच पाहिजे हे बंधन अमेरिकेच्या सुरक्षा नियमांत १९६८ पासून आलं. १९८० च्या दशकात ऑडीच्या गाड्या आपोआप पळत सुटतात अशा तक्रारींचा गदारोळ झाला. सरकारी तपासात बहुतेक प्रकरणांत चालकाचा पाय चुकीच्या पेडलवर पडल्याचं दिसलं, पण त्या गदारोळातूनच ब्रेक दाबल्याशिवाय लिव्हर 'पी'मधून न सोडणारं कुलूप रूढ झालं. म्हणजे मुठीखाली दोन अडसर आले: एक अंगठ्याच्या बटणाचा, दुसरा ब्रेकच्या तारेने चालणाऱ्या विद्युत्चुंबकाचा. भारतात या मुठी बराच काळ श्रीमंती गाड्यांत दिसत. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत स्वस्त एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप चालवणारी यंत्रणा, आणली आणि क्लच पेडलविना गाडी मध्यमवर्गात शिरली. गंमत अशी की त्या गाडीत 'पी' नव्हताच. गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा, जवळपास हायड्रामॅटिकच्या काळासारखं.

हे सगळं मुठीत गेलं, पण विकताना मूठ एकच वस्तू राहिली. काही गाड्यांत तिला धरून ठेवणारे दोन लहान स्क्रू असतात, काहींत खाली घोड्याच्या नालेच्या आकाराची क्लिप असते, काहींत ती नुसती ओढून निघते. रेक्झिनचं आवरण खाली सरकवलं, क्लिप काढली, मूठ दोन भागांत उघडली, की मोडलेली कड समोर दिसते. ज्याने अशी दुसरी मूठ उघडली आहे त्याच्यासाठी हे अर्ध्या तासाचं काम. एखाद्या मोडीत निघालेल्या गाडीतलं बटण बसवता येतं, तीच कड नव्याने घडवता येते, स्प्रिंग तर वजनावर मिळते. शेजारच्या गफार मार्केटमध्ये मोबाइलच्या बाबतीत हेच घडलं. १९९१ पूर्वी परदेशी मालासाठी प्रसिद्ध असलेला तो बाजार आयात खुली झाल्यावर संपायला हवा होता; तो मोबाइल दुरुस्तीकडे वळला. सेवा केंद्रात फुटक्या काचेपायी अख्खा डिस्प्ले बदलतात, तिथे वरची काच तेवढी सोलून नवी चिकटवतात. वस्तू बदलली, काळ बदलला, माल मुबलक झाला, तरी सुटं करण्याचं काम तेच राहिलं. केवळ टंचाई हेच कारण असतं तर हे घडलं नसतं.

यावर कोणी म्हणेल की कंपन्यांना जुळणी एकत्र विकायचा हक्क आहे, आणि स्वस्त हवं असेल तर गिऱ्हाईकाने दुसरी गाडी घ्यावी. भारतीय स्पर्धा आयोगाने हा युक्तिवाद तपासला आहे. २०११ मधल्या एका ग्राहकाच्या तक्रारीतून निघालेल्या प्रकरणात आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला. गाडी घेताना गिऱ्हाईकाला पुढच्या सगळ्या दुरुस्तीचा हिशेब करता येत नाही, आणि घेतल्यावर त्याच्या गाडीचा भाग दुसऱ्या कंपनीच्या गाडीला चालत नाही. म्हणून प्रत्येक कंपनी आपल्या सुट्या भागांच्या बाजारात एकटीच राज्य करते, असं आयोगाला आढळलं. मूळ भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या मेकॅनिकना मिळावीत, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असे आदेश निघाले. २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने त्यांतल्या तीन कंपन्यांच्या दंडाची मोजणी बदलली, निष्कर्ष कायम ठेवला. बाकीचे वाद न्यायालयांत लांबले. नाईवाल्याने सत्तर वर्षं न बोलता केलेलं काम योग्य होतं, असाच त्या आदेशाचा अर्थ मी लावतो.

याहून गंभीर आक्षेप सुरक्षेचा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. गिअरचा लिव्हर चुकला तर माणूस मरतो. कुलूप त्रास देतं म्हणून ब्रेकची तार तोडून ते कायमचं निकामी करणारा मिस्त्री गुन्हाच करतो, मग तो करोल बागेतला असो की पुण्याच्या नाना पेठेतला. पण बटण दुरुस्त करणं आणि कुलूप निकामी करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि हा फरक त्यालाच कळतो ज्याला आतली रचना माहीत आहे. बऱ्याच गाड्यांत लिव्हरशेजारी एका छोट्या झाकणाखाली फट असते; ब्रेकच्या दिव्याचा स्विच बिघडून लिव्हर अडकला तर हँडब्रेक ओढून, किल्ली त्या फटीत दाबून तो सोडवता येतो. हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि फार थोडे मालक ते वाचतात. शिवाय कारखान्याचा शिक्का म्हणजे सुरक्षा असंही नाही. २०१६ मध्ये फियाट क्रायस्लरला जगभरातल्या ११ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण त्यांचा इलेक्ट्रॉनिक लिव्हर दर वेळी मधोमध परत येई आणि गाडी 'पी'मध्ये आहे समजून चालक खाली उतरत. तो भाग अस्सल होता, नवा होता आणि नेमका कारखान्याने आखला तसाच चालत होता.

नकली मालाचा आक्षेप मला अधिक बोचतो, कारण तो खरा आहे. अमेरिकी व्यापार प्रतिनिधी कार्यालयाच्या बदनाम बाजारांच्या यादीत गफार मार्केट आणि टँक रोड ही करोल बागेतली दोन्ही नावं येऊन गेली आहेत. कंपनीच्या खोट्या खोक्यात भरलेला ब्रेक पॅड हा गिऱ्हाईकाचा जीव धोक्यात घालतो, आणि त्याच गल्लीतल्या प्रामाणिक दुकानदाराचं नावही त्यासोबत बुडतं. पण नकली माल कुठे वाढतो हे पाहिलं पाहिजे. अस्सल सुटा भाग काउंटरवर मिळतच नसेल, तर त्याची रिकामी जागा नकलेने भरते. छापे टाकून ती जागा बंद होत नाही. भागाचा क्रमांक, किंमत आणि रेखाकृती उघड केली तर होते. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, मोटारींचा तीत समावेश केला आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी त्यावर सेवा केंद्रांचे पत्ते आणि वॉरंटीच्या अटी टाकून थांबू नये. मुठीची उकललेली आकृती आणि बटणाची वेगळी किंमत तिथे यायला हवी.

दिल्लीपुरता आणखी एक प्रश्न उरतो: सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरलेल्या नियमाने राजधानीत डिझेल गाडीला दहा आणि पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांची मर्यादा घातली, मग जुनी मूठ दुरुस्त करायचीच कशाला? कारण मर्यादा जवळ आली की मालक ना-हरकत प्रमाणपत्र काढून गाडी दुसऱ्या राज्यात विकू लागले. २०१४ नंतरच्या पहिल्या ऑटोमॅटिक गाड्या आता वॉरंटीच्या पार पलीकडे गेल्या आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी लातूर, नाशिक, अकोल्याच्या उन्हात उभ्या राहणार आहेत. त्यांतल्या ज्यांच्या मुठीला बटण आहे त्यांचं ते मोडेल तेव्हा जवळ नाईवाला नसेल. तिथल्या मिस्त्रीला ते बटण सुटं मिळावं, आणि ते कसं बसवायचं हे छापील कागदावर मिळावं, याची तजवीज आज व्हायला हवी.