विंचवाचं बिऱ्हाड आणि रहिवासी दाखला



नोव्हेंबर लागला की दोह्याहून दक्षिणेला, सीलाइनच्या रस्त्यावर कॅराव्हॅन दिसायला लागतात. पिकअपच्या मागे डुलत जाणारी ती पांढरी घरं तुम्हीही पाहिली असतील. गेल्या हिवाळ्यात तिथे कॉफी पिताना बायको म्हणाली, "आपणही असंच राहिलो तर? मुलगी कॉलेजला गेली की सगळं विकून टाकू. एक गाडी घेऊ आणि फिरत राहू." मी व्यवसायाने आयटी सल्लागार, त्यात एमबीए. माझ्यासारख्या माणसाला स्वप्न सांगितलं की तो एक्सेल उघडतो. मीही उघडली. पहिल्या दोन ओळी लिहिल्या: कायदेशीर रहिवास कुठला? गाडी कुणाच्या नावावर आणि कुठल्या नंबरप्लेटची? या दोन ओळींपुढे तीन महिने सरकलो नाही.

सरकलो नाही, कारण उत्तर शोधता शोधता इतिहासात शिरलो. आज तुम्हाला सांगायचं आहे ते त्याबद्दलच.

कतारची उत्तर-दक्षिण लांबी सुमारे १६० किलोमीटर आणि क्षेत्रफळ आपल्या पुणे जिल्ह्याहून कमी. इथे मोटारहोम घेऊन निघालात तर दुपारच्या चहाआधी देश संपतो. जमिनीवरून बाहेर जायला रस्ता एकच, अबू समरा नाक्यावरून सौदीत. ५ जून २०१७ ला नाकेबंदी सुरू झाली आणि तो रस्ताही बंद झाला, तो जानेवारी २०२१ मध्ये उघडला. त्या साडेतीन वर्षांत कतारमध्ये चाकांवरचं घर असतं, तर ते घर कमी आणि गॅरेज जास्त झालं असतं.

पण हाच देश शंभर वर्षांपूर्वी जवळजवळ असाच राहत होता. किनाऱ्यावर मोती काढणारे, आत वाळवंटात बदाऊनी टोळ्या. घर म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या केसांचा काळा तंबू, त्याला अरबीत शब्दही 'केसांचं घर' असाच आहे. वाहन म्हणजे उंट, आणि उंटावर टोळीचा डाग. त्या डागाला 'वस्म' म्हणतात. कुणाचा उंट, हे तापलेल्या लोखंडाने कातडीवर लिहिलेलं असे. आपल्या इस्तिमाऱ्यासारखं दरवर्षी नूतनीकरण नाही, विमा नाही, फाहेसच्या रांगेत उभं राहणं नाही. तंबू बायका विणत. हे बायकोला सांगितलं, तेव्हा ती लगेच म्हणाली, "मग गाडी माझ्या नावावर." तर एक ओळ तिथेच निकालात निघाली, निदान आमच्या घरापुरती.

दुसरी ओळ अवघड होती. त्या लोकांचा 'रहिवास' कुठला?

वायव्य कतारमध्ये झुबाराच्या आसपास नईम नावाची टोळी चराई करत असे. हिवाळ्यात इथे, आणि उन्हाळ्यात त्यांच्यातले काही समुद्र ओलांडून बहरीनला. १८६७ मध्ये अल वक्रा गावात बहरीनच्या प्रतिनिधीने नईम टोळीतल्या एका माणसाला पकडून बहरीनला पाठवून दिलं. त्यावरून इथली माणसं खवळली आणि प्रतिनिधीला गाव सोडावं लागलं. मग बहरीन आणि अबू धाबीने मिळून दोहा आणि वक्रा लुटले. इतका सगळा गोंधळ कशावरून? हा फिरता माणूस नेमका कुणाचा, या प्रश्नावरून.

आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग. हे भांडण मिटवायला आले कर्नल लुईस पेली. ते आखाताचे ब्रिटिश रेसिडेंट. मुक्काम इराणच्या बुशहरला, पण त्यांचा वरिष्ठ कोण? मुंबई सरकार. १८७३ पर्यंत आखाताची रेसिडेन्सी मुंबई इलाख्याच्या हाताखाली होती. सप्टेंबर १८६८ मध्ये पेलींनी मोहम्मद बिन थानी यांच्याकडून करार लिहून घेतला. कतारचे लोक म्हणून बोलणारा वेगळा प्रमुख आहे, हे इंग्रजांनी पहिल्यांदा कागदावर मानलं ते तिथे. आपण दोह्याला नोकरीसाठी येतो तेव्हा वाटतं, आपला या देशाशी काय संबंध. या देशाच्या पहिल्या कागदाचा अहवाल मुंबईला जात होता, मंडळी.

कागद झाला, पण नईम फिरतच राहिले. मग १९३५ मध्ये तेलाचा करार झाला आणि वाळूच्या प्रत्येक पट्ट्याला किंमत आली. १९३७ मध्ये कतारचे शासक शेख अब्दुल्ला यांनी झुबाराच्या नईमांकडे कर आणि निष्ठा मागितली. त्यांच्यातल्या एका गटाने सांगितलं, आम्ही बहरीनच्या शेखांचे. जुलैमध्ये लढाई झाली, गट हरला आणि त्यातले बरेच जण बहरीनला निघून गेले. पुढे हे भांडण द हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. बहरीनचं म्हणणं साधं होतं: नईम आमचे, नईम झुबारात राहतात, म्हणून झुबारा आमचं. १६ मार्च २००१ च्या निकालात न्यायालयाने ते नाकारलं. टोळीची शेखांशी निष्ठा असेल, पण ती टोळी बहरीनच्या वतीने तिथे सत्ता चालवत होती असा पुरावा नाही. झुबारा कतारचं राहिलं, हवार बेटं बहरीनला गेली.

हा निकाल वाचताना मी चमकलो. फिरणाऱ्या माणसाचं मन कुठे आहे, याला कायद्याच्या दरबारात फार वजन नाही. वजन आहे ते तुमच्या वतीने उभं राहणाऱ्या जागेला.

मधल्या काळात कतारने आपली रेघ आखली होती. १९६१ च्या नागरिकत्व कायद्यात अट घातली की १९३० च्या आधीपासून जो इथे स्थायिक आहे आणि राहत आला आहे, तो कतारी. घर बांधून राहणाऱ्याला हे सोपं. तंबूवाल्याने १९३० साली आपण कुठे होतो, हे कशाने सिद्ध करायचं? डॅनिश अभ्यासक क्लाउस फर्दिनांद १९५९ मध्ये नईम आणि मुर्रा टोळ्यांच्या तंबूंत राहून गेले. त्यांच्या नोंदी आणि येट्टे बांग यांची छायाचित्रं आहेत म्हणून ते जगणं आपल्याला दिसतं. त्याच मुर्रा टोळीच्या गुफ्रान शाखेतल्या हजारोंचं नागरिकत्व २००४-०५ च्या सुमारास काढून घेतलं गेलं. सरकारने कारण दिलं, यांच्याकडे सौदीचंही नागरिकत्व आहे. नंतर अनेकांना ते परत मिळालं. पण ज्यांच्या आज्याने सीमा न पाहता उंट हाकले, त्यांच्या नातवाला दोन देशांच्या रेघांमध्ये उभं राहावं लागलं.

मी हे सगळं माझ्या मामांना फोनवर सांगत होतो. मामा फलटण तालुक्यात तलाठी होते, आता निवृत्त. त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि आपल्याकडे रे?"

आपल्याकडे त्याहून वाईट. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ पासून मुंबई इलाख्यालाही लागू झाला. फिरणं हाच संशय. कैकाडी, पारधी, भामटे यांना हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला काटेरी तारांची सेटलमेंट, आजही त्या भागाचं नाव 'सेटलमेंट'च. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरातून तो कायदा गेला, म्हणून हा दिवस विमुक्त दिन. गाढवावर बिऱ्हाड लादून हिंडणाऱ्या कैकाडी घरातल्या लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' १९८० मध्ये आलं. मी ते कॉलेजात वाचलं होतं. तेव्हा ते गरिबीचं पुस्तक वाटलं होतं. आता नाव वाचताना वाटतं, ते पत्ता नसण्याचंही आहे.

मामा म्हणाले, "माझ्याकडे लोक जातीच्या दाखल्यासाठी यायचे. भटक्या-विमुक्तांना तारीख ठरलेली, २१ नोव्हेंबर १९६१. त्या दिवशी तुझे वाडवडील महाराष्ट्रात कायमचे राहत होते, याचा पुरावा आण. अरे, कायमचे राहत असते तर भटके कशाला म्हटले असते? कुणाची शाळेतली नोंद नाही, जमीन नाही. मी तरी काय लिहिणार?"

कतारमध्ये १९६१ च्या कायद्याने १९३० ची तारीख, महाराष्ट्रात १९६१ ची. मी एक्सेलमध्ये दोन्ही शेजारी टाकल्या आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तशाच पाहत बसलो.

आता तुम्ही म्हणाल, तू लॅपटॉपवाला, तुझी त्यांच्याशी काय बरोबरी? बरोबरी नाहीच. त्यांच्यावर भटकणं लादलं होतं किंवा ते पोट होतं, माझी हौस आहे. तुमच्यातले जे अमेरिकेत आहेत, त्यांनी ही हौस जवळून पाहिली असेल. तिथे कायम मोटारहोममध्ये राहणारे लोक राज्य निवडतात. टेक्सास, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटा, कारण तिथे राज्याचा प्राप्तिकर नाही. १९७८ मध्ये सुरू झालेला एस्केपीज नावाचा क्लब सभासदांना टेक्सासच्या लिव्हिंगस्टनमधला पत्ता देतो आणि त्यांची पत्रं पुढे पाठवतो. साउथ डकोटात एक रात्र राहिल्याची पावती आणि टपालाची पेटी दाखवून लायसन्स मिळवता येतं. तिथेही मतदानासाठी मात्र २०२३ मध्ये ३० दिवस राहण्याची अट आली. काहीजण मोंटानात कंपनी काढून गाडी तिच्या नावावर घेतात, कारण तिथे विक्रीकर नाही. त्यांची स्वतःची राज्यं मग मागे लागतात ती वेगळीच गोष्ट. आपल्याकडे पुदुच्चेरीचा खोटा पत्ता देऊन महागड्या गाड्या नोंदवण्याची प्रकरणं निघाली, तोच प्रकार.

आपली गंमत वेगळी आहे. कतारमध्ये आपला रहिवास आपला नसतोच. १९६३ च्या कायद्यापासून परदेशी माणूस इथे कुणाच्या तरी जबाबदारीवर राहतो. २०१८ मध्ये बहुतेकांची एक्झिट परमिट गेली, २०२० मध्ये नोकरी बदलायचं ना-हरकत पत्र गेलं. मी ते दोन्ही दिवस अनुभवले, आणि खरं सांगतो, हलकं वाटलं. पण मूळ गोष्ट तीच आहे. नोकरी संपली की रहिवास संपतो, सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तरी धोक्यात येतो. गाडी आयडीला बांधलेली, म्हणून जाण्याआधी विका, दुसऱ्याच्या नावावर करा नाहीतर बाहेर न्या. २०१८ चा कायमच्या रहिवासाचा कायदा आहे, पण परदेशात जन्मलेल्याला २० वर्षं सलग वास्तव्य हवं आणि वर्षाला शंभर जणांचीच मर्यादा. ७ लाख ३० हजार रियालचं घर घेतलंत तर मालकीवर रहिवास मिळतो. म्हणजे चाकांवर राहायचं असेल तर आधी चाकं नसलेलं घर घ्या!

एकदा वाटलं, कुठलाच रहिवास नको, जिथे जाऊ तिथे पर्यटक. सुटसुटीत. त्यावर भारताच्या प्राप्तिकर खात्याने आधीच विचार करून ठेवला आहे. २०२०-२१ पासून भारतीय नागरिकाचं परदेशातलं उत्पन्न सोडून बाकीचं १५ लाखांवर असेल आणि तो राहण्यावरून दुसऱ्या कुठल्याच देशात कर भरायला बांधील नसेल, तर तो भारतात एकही दिवस न राहता रहिवासी मानला जातो. परदेशात कमावलेल्यावर सहसा त्यामुळे कर लागत नाही. तरी पहा, ज्याला कुणी आपला म्हणत नाही, त्याला घर आपला म्हणतं. फक्त करासाठी का होईना.

गाडीचंही तसंच. दोह्यात डाव्या स्टिअरिंगची मोटारहोम घेऊन ती कायमची भारतात नेणं जमत नाही, कारण जुनी गाडी आयात करायला स्टिअरिंग उजवीकडे हवं. कार्ने नावाच्या जकात परवान्यावर ठराविक मुदतीसाठी नेता येते, मग परत बाहेर. म्हणून गाडी भारतातच घ्यायची. तिथे १९८८ चा मोटार वाहन कायदा म्हणतो, जिथे तुमचा रहिवास आणि जिथे गाडी सहसा उभी असते तिथे नोंदणी करा. पत्ता बदलला तर ३० दिवसांत कळवा. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवलीत तर तिथला नंबर घ्या. २०२१ ची 'बीएच' मालिका यातून सुटका देते, पण ती नोकरदारांसाठी आहे, नोकरी सोडून भटकायला निघालेल्यांसाठी नाही. महाराष्ट्राने त्याच वर्षी कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेही पर्यटकांसाठी. जो परत कुठेच जाणार नाही, त्याचा विचार त्यात नाही.

तेव्हा आमच्या एक्सेलमधल्या दोन ओळी अशा भरल्या आहेत. रहिवास: महाराष्ट्र, तालुका फलटण, मामांच्या घराची मागची खोली, रीतसर भाडेकरार करून. गाडी: एमएच-११, सातारा, बायकोच्या नावावर. बहुतेक वर्षी बारा महिने उलटण्याआधी सातारा जिल्ह्यात चक्कर होईल असा मार्ग आखायचा. पुदुच्चेरीत स्वस्त पडेल हे मलाही कळतं, पण तिथे आमच्या वतीने कोण उभं राहणार?

गेल्या आठवड्यात मामांचा फोन आला. मागच्या खोलीला वेगळा मीटर घ्यायला अर्ज केला आहे म्हणाले, कारण पत्त्याच्या पुराव्याला लाइटबिल तुमच्या नावाचं असलेलं बरं. मग जरा थांबून म्हणाले, "आणि ती गाडी उभी करायला लिंबाच्या झाडाखालची जागा झाडून ठेवतो. केवढी असते रे लांबीला?"