न मारलेल्या पटची गोष्ट

आजचा भाग गोल्फवर आहे. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका. गोल्फ मलाही खेळता येत नाही. पण आज ज्या फटक्याची गोष्ट सांगणार आहे, तो खेळायला काहीच यावं लागत नाही, कारण तो कुणी मारलाच नाही. अंतर होतं जेमतेम दोन फूट. आणि पन्नासहून जास्त वर्षं झाली तरी गोल्फवेडे लोक त्यावरून अजून भांडतायत.

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर असे दोघं आहेत. एक पुण्यात, एक न्यू जर्सीत. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या बेथपेज ब्लॅक कोर्सवर रायडर कप झाला. अमेरिका विरुद्ध युरोप. युरोप १५–१३ ने जिंकला, पण चर्चा झाली ती प्रेक्षकांची. रोरी मॅकिलरॉयला त्यांनी इतक्या शिव्या घातल्या की पोलिसांचा बंदोबस्त वाढवावा लागला. पुण्याचा मित्र म्हणाला, ‘ही स्पर्धा मैत्रीसाठी सुरू झाली होती रे.’ न्यू जर्सीचा म्हणाला, ‘मैत्री करायची तर चहा प्या, कप कशाला ठेवता?’ मग रात्री दोनपर्यंत मेसेज. आणि फिरून फिरून दोघं पोहोचले एकाच ठिकाणी: १९६९, रॉयल बर्कडेल. तेव्हा मी ठरवलं, यावर एक भाग करायचाच.

आधी दोन मिनिटांत खेळ समजून घेऊ. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, चेंडू हलक्या हाताने होलकडे ढकलायचा, त्याला म्हणतात पट. रायडर कप खेळतात मॅचप्ले पद्धतीने. म्हणजे दोघांची समोरासमोर झुंज, प्रत्येक होल कोण जिंकलं ते मोजायचं, आणि शेवटी सामना जिंकला तर संघाला एक गुण, बरोबरीत सुटला तर अर्धा. या पद्धतीत एक गमतीशीर नियम आहे. समोरच्याचा चेंडू होलच्या अगदी जवळ असेल, तर तुम्ही म्हणू शकता, ‘दिला, उचल.’ तो पट गेला असं धरलं जातं. हे फक्त प्रतिस्पर्धीच देऊ शकतो. आणि एकदा दिला की परत घेता येत नाही, समोरच्यालाही नाकारता येत नाही.

विचार करा, असा नियम क्रिकेटमध्ये असता तर?

आता कपाची गोष्ट. सॅम्युअल रायडर हा इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्सचा बियाण्यांचा व्यापारी. फुलांची, भाज्यांची बी एका पेनीच्या पाकिटात घालून विकायचा, त्यातून श्रीमंत झाला. पन्नाशीच्या आसपास गोल्फ शिकला, आणि असा नादाला लागला की एब मिचेल नावाच्या व्यावसायिक खेळाडूला शिकवणीला ठेवलं. सोन्याच्या रायडर कपावर जी छोटी मूर्ती आहे ना, ती याच मिचेलची. पहिली अधिकृत स्पर्धा १९२७ मध्ये अमेरिकेतल्या वूस्टरला झाली. तेव्हा समोर युरोप नव्हता, फक्त ब्रिटन. अमेरिका ९½–२½ अशी जिंकली. गंमत म्हणजे ज्याची मूर्ती कपावर आहे तो मिचेल अपेंडिक्सच्या दुखण्यामुळे जाऊच शकला नाही.

पुढे काय झालं? एकतर्फी मार. १९३३ ला ब्रिटन जिंकलं, त्यानंतर थेट १९५७ ला, मग पुन्हा पराभव मागून पराभव. म्हणून १९६९ ला इंग्लंडमधल्या रॉयल बर्कडेलवर सामने सुरू झाले, तेव्हा फार कुणाला आशा नव्हती. पण एक पोरगा होता. टोनी जॅकलिन, वय २५, ट्रक ड्रायव्हरचा मुलगा. दोनच महिन्यांपूर्वी त्याने ब्रिटिश ओपन जिंकलं होतं आणि सगळा देश त्याच्यावर जीव ओवाळत होता.

वातावरण मात्र अजिबात प्रेमाचं नव्हतं. ब्रिटनच्या कप्तानाने, एरिक ब्राउनने, आपल्या खेळाडूंना बजावलं होतं की अमेरिकी खेळाडूचा चेंडू गवतात हरवला तर शोधायला मदत करायची नाही. आणि सामने असे अटीतटीचे की ३२ पैकी निम्म्याहून जास्त शेवटच्या होलपर्यंत गेले.

शेवटच्या दिवशी ३१ सामने संपले, दोन्ही संघ बरोबरीत. उरली एकच जोडी, जॅकलिन आणि अमेरिकेचा जॅक निकलस. निकलस तेव्हाच जगातला सर्वात मोठा खेळाडू मानला जायचा, पण रायडर कपातलं हे त्याचं पहिलंच वर्ष. त्याच दिवशी सकाळी जॅकलिनने त्याला एकदा हरवलंही होतं. दुपारच्या सामन्यात निकलस पुढे होता, पण सतराव्या होलवर जॅकलिनने लांबलचक पट घातला आणि बरोबरी केली. अठराव्या होलवर चालत जाताना निकलसने त्याला विचारलं, टेन्शन आलंय का? जॅकलिन म्हणाला, घाबरलोय. निकलस म्हणाला, मलाही तसंच वाटतंय. हा किस्सा जॅकलिनने पुढे बऱ्याचदा सांगितला आहे.

ग्रीनवर निकलसचा पट होलच्या पुढे चार-पाच फूट गेला. जॅकलिनचा दोनेक फूट अलीकडे थांबला. आता निकलसची पाळी. त्याने तो चार-पाच फुटांचा पट मारला. गेला! म्हणजे आता सगळा भार जॅकलिनवर. गेला तर १६–१६, रायडर कपाच्या इतिहासातली पहिली बरोबरी. हुकला तर ब्रिटन पुन्हा हरलं, आणि तेही घरच्या लाडक्या पोरामुळे.

निकलस होलमधून आपला चेंडू काढून वाकला, जॅकलिनच्या चेंडूच्या जागेवर ठेवलेली खूण उचलली आणि हात पुढे केला. दिला.

त्याने जॅकलिनला जे सांगितलं त्याचा अर्थ असा होता: तू हुकला असतास असं मला वाटत नाही, पण अशा वेळी मी तुला ती संधीच देणार नव्हतो.

इथे पुण्याचा मित्र डोळे पुसतो. आणि न्यू जर्सीचा म्हणतो, ‘पण सॅम स्नीडला विचारलं का?’

मुद्दा खरा आहे. सॅम स्नीड अमेरिकेचा कप्तान होता आणि तो चांगलाच चिडला. संघातले काही खेळाडूही नाराज झाले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आम्ही इतक्या लांब जिंकायला आलो होतो. पट तुझ्यासमोरचा होता, पण गुण बारा जणांचा होता. दुसऱ्यांच्या खिशातून दानधर्म करणारा तू कोण?

त्यावर उत्तर म्हणून नेहमी सांगतात की बरोबरी झाली तर कप आधीच्या विजेत्याकडेच राहतो, हा नियम होता. आधीची स्पर्धा अमेरिकेने जिंकली होती. म्हणजे निकलसने पट दिला तरी कप विमानात बसून अमेरिकेलाच जाणार होता. मग मोठेपणा स्वस्त झाला का?

मला इथे आपलं वानखेडे आठवतं. फेब्रुवारी १९८०, भारत विरुद्ध इंग्लंड, सुवर्णमहोत्सवी कसोटी. आपल्या २४२ धावांसमोर इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८. कपिलच्या गोलंदाजीवर यष्टिरक्षक बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिलं. कप्तान गुंडाप्पा विश्वनाथला खात्री होती की चेंडू बॅटला लागलेला नाही. त्याने टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथमने १७१ धावांची भागीदारी केली, बोथमने ११४ मारल्या, आणि आपण तो सामना १० गडी राखून हरलो. विशीला त्या चांगुलपणाची पूर्ण किंमत मोजावी लागली. निकलसला नाही. हा फरक आपण प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे.

पण निकलसची किंमत नंतर वसूल झाली म्हणा हवं तर. ब्रिटन हरतच राहिलं. १९७७ ला निकलसनेच ब्रिटिश पीजीएच्या अध्यक्षांना, लॉर्ड डर्बींना सुचवलं की बाकीच्या युरोपातले खेळाडू घ्या, नाहीतर ही स्पर्धा मरेल. १९७९ पासून समोर युरोप उभा राहिला, स्पेनचा सेव्ह बायेस्तेरोस आला. १९८५ ला युरोप जिंकला, कप्तान टोनी जॅकलिन. आणि १९८७ ला युरोपने अमेरिकेला पहिल्यांदा अमेरिकेतच हरवलं. कोर्स कुठला? म्युरफील्ड व्हिलेज, खुद्द निकलसने बांधलेला. अमेरिकेचा कप्तान? निकलस. युरोपचा? जॅकलिन.

आता दुसरी बाजू. १९९१ ला आखाती युद्धानंतर काही महिन्यांनी कियावा आयलंडवर अमेरिकेचा कोरी पेव्हिन लष्करी छपाईची टोपी घालून उतरला. १९९९ ला ब्रुकलाइनला जस्टिन लेनर्डचा ४५ फुटांचा पट गेला आणि अमेरिकी खेळाडू, त्यांच्या बायका नाचत ग्रीनवर धावल्या, समोरच्या ओलाथाबालचा पट बाकी असताना. त्याच दिवशी कॉलिन माँटगोमेरीला प्रेक्षक इतकं घालूनपाडून बोलले की त्याचे वडील मैदान सोडून गेले. त्या गोंधळात अमेरिकेच्या पेन स्टुअर्टने, कपाचा निकाल लागल्यावर, शेवटच्या ग्रीनवर माँटगोमेरीचा चेंडू उचलून सामना त्याला देऊन टाकला. महिनाभराने विमान अपघातात स्टुअर्ट गेला.

आणि २०१५ चा सोल्हाइम कप, म्हणजे बायकांचा रायडर कप, जर्मनीत. २० वर्षांच्या अॅलिसन लीचा चेंडू होलपासून दीड फुटावर होता. दिलाय असं समजून तिने तो उचलला. युरोपच्या सुझान पेटरसनने सांगितलं, आम्ही दिला नव्हता. नियमाने ती शंभर टक्के बरोबर. युरोपने तो होल घेतला, सामना घेतला, आघाडी १०–६ झाली. मग चिडलेल्या अमेरिकेने दुपारी १४½–१३½ असा कप नेला. दुसऱ्या दिवशी पेटरसनने जाहीर माफी मागितली.

आता माझं मत. ते बनलं त्याच वर्षी, तीन आठवड्यांनी. प्रेसिडेंट्स कप, अमेरिका विरुद्ध युरोप सोडून बाकी जग. दक्षिण कोरियातल्या इंचनला, कोर्सचं नाव जॅक निकलस गोल्फ क्लब. बाकी जगाच्या संघात पहिल्यांदाच एक भारतीय होता, अनिर्बान लाहिरी. जन्म पुण्याचा. गोल्फ मी पहिल्यांदा मन लावून बघितला तो त्या रविवारी, फोनच्या छोट्या स्क्रीनवर. शेवटच्या होलवर बरोबरी. अमेरिकेच्या ख्रिस कर्कने साधारण १५ फुटांचा पट घातला. लाहिरीला घालायचा होता चारेक फुटांचा. मी स्क्रीनशी बोलत होतो, ‘दे रे, देऊन टाक ना त्याला.’ कर्कने दिला नाही. चेंडू होलच्या कडेला लागून बाहेर आला. अमेरिका १५½–१४½ ने जिंकली. नुसती बेरीज-वजाबाकी केली, तर तो एक पट म्हणजे १५–१५.

दोन दिवस कर्कवर राग होता. मग लक्षात आलं की त्याचं काहीच चुकलं नव्हतं. चार फूट म्हणजे दोन फूट नाही, आणि सगळं अधांतरी असताना तो दुसऱ्याला देण्याचा हक्क त्यालाही नव्हता. मी जे मागत होतो, ते मागायचंच नसतं. निकलसकडे जॅकलिनने काही मागितलं नव्हतं. ब्रिटिश प्रेक्षकांनीही नाही. म्हणून ते देणं झालं.

स्नीडची तक्रार मला पटते, आणि तरीही मी निकलसच्या बाजूने आहे. कारण त्याने आधी स्वतःचा अवघड पट घातला, संघाकडे कप राहील याची खात्री केली, आणि मग फक्त एकच गोष्ट सोडली: एका २५ वर्षांच्या पोराला सगळ्या देशासमोर हुकताना बघण्याची संधी. बेथपेजला शिव्या घालणाऱ्या गर्दीला नेमकं तेच बघायचं होतं.

ग्रुपवर हे टाकलं. न्यू जर्सीचा म्हणाला, ‘मग विश्वनाथचं काय?’ उत्तर अजून दिलेलं नाही. तुमच्याकडे असेल तर मला कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवतो. तोवर काळजी घ्या, भेटूच!