गेमिंगचा जुना संगणक : कोणता भाग बदलावा?

कुंडलिकेच्या अलीकडचे नवीन जालना असो वा पलीकडचे जुने, घरचा गेमिंग संगणक सात-आठ वर्षांचा झाला की एकच प्रश्न उभा राहतो. सगळा संच नवा घ्यावा, की दोन-तीन भाग बदलून भागवावे? त्याच यंत्रावर मुलांचा अभ्यास आणि घरचे हिशेबही चालत असतील, तर चुकीच्या भागावर गेलेला पैसा अधिकच बोचतो.

उदाहरणादाखल २०१७ साली जुळवलेला संच घेऊ : इंटेलचा सातव्या पिढीचा कोअर आय-५ प्रोसेसर, एनव्हिडियाचे जीटीएक्स १०६० कार्ड, आठ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क.

खरेदीपूर्वी कॅबिनेट उघडून धूळ काढावी. मराठवाड्यात उन्हाळ्याचा पारा चाळिशी ओलांडतो. पंखे धुळीने माखलेले आणि प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट वाळलेली असेल, तर चिप तापते आणि स्वसंरक्षणासाठी आपला वेग कमी करते. अनेकदा ‘संगणक म्हातारा झाला’ असे वाटते, ते खरे तर एवढेच असते.

त्यानंतर अडचण कोठे आहे ते शोधावे. गेममधील रिझोल्यूशन कमी करून पाहावे. चित्रांचा वेग लक्षणीय वाढला तर ग्राफिक्स कार्ड तोकडे पडते आहे. फारसा फरक पडला नाही तर दोष बहुधा प्रोसेसरकडे आहे. अधूनमधून अडखळणे हे बऱ्याचदा अपुऱ्या रॅमचे लक्षण असते.

पहिला खर्च एसएसडीवर करावा. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण दीडशे एमबी वाचते, साटा एसएसडी पाचशेच्या आसपास, तर एनव्हीएमई कित्येक पटींनी अधिक. त्याने फ्रेम वाढत नाहीत, पण गेम उघडण्याची प्रतीक्षा संपते; ‘स्टारफील्ड’ (२०२३) सारख्या गेमने तर एसएसडी ही अटच घातली. रॅम सोळा जीबी असावी आणि ती सारख्या दोन पट्ट्यांत बसवावी. मात्र २०२५च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले. डीडीआर-४ची खात्रीची जुनी पट्टी मिळाली तर ती कमीपणाची मानू नये.

ग्राफिक्स कार्ड हा सर्वांत मोठा खर्च. त्याआधी पॉवर सप्लायकडे पाहावे, कारण स्वस्त कॅबिनेटसोबत आलेला अनोळखी सप्लाय नव्या कार्डाचा भार पेलेलच असे नाही. जुन्या बोर्डावर पीसीआय एक्स्प्रेस ३.० असते. आरएक्स ६५०० एक्सटी (२०२२) सारखे केवळ चार लेनचे कार्ड तेथे निष्कारण मंदावते. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ (२०२४) रे ट्रेसिंगची क्षमता असलेल्या कार्डाविना चालत नाही, तेव्हा जीटीएक्स मालिकेतील दुसरे जुने कार्ड घेण्यात अर्थ उरलेला नाही.

प्रोसेसरच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. इंटेलच्या सातव्या आणि आठव्या पिढीचे सॉकेट दिसायला सारखेच, नावही एलजीए ११५१ हेच. तरीही सातव्या पिढीच्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. या सापळ्यात अनेकजण सापडतात. एएमडीचे एएम-४ बोर्ड असलेले येथे सुदैवी ठरले. बोर्डाच्या कंपनीने बायोस उपलब्ध करून दिले असेल, तर २०१७च्या बोर्डावरही रायझेन ५००० मालिकेतील प्रोसेसर बसतो.

दुसरी अडचण विंडोजची. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागते आणि काही मोजके अपवाद वगळता इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही. म्हणून वरील संचात सातव्या पिढीचाच जुना आय-७ शोधून बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. एसएसडी, चांगला सप्लाय आणि कार्ड हे पुढे नव्या बोर्डावरही नेता येतात; पैसा तेथेच घालावा.

कार्ड वापरलेले घ्यायचे झाल्यास दुकानातच अर्धा तास गेम चालवून तापमान पाहावे, आणि मूळ बिल व वॉरंटीची उरलेली मुदत तपासूनच पैसे द्यावेत.